भूपाल अण्णांचे पाच शब्द

भूपाल अण्णांची आणि माझी पहिली भेट म्हणजे तोंडी परीक्षाच होती, आणि मी तीत सपशेल नापास झालो.

कॉलनीत राहायला येऊन मला तासही झाला नव्हता. टेम्पोतून कपाट उतरत होतं, त्याचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले आणि नावगाव न विचारता म्हणाले, "पावणं, पाच शब्द सांगतो, ध्यानात ठेवा. कात्री, फणस, पोस्टमन, निळा, देऊळ." एवढं बोलून ते निघून गेले. कपाट भिंतीला लागल्यावर परत आले आणि म्हणाले, "हां, सांगा." मला कात्री आणि पोस्टमन एवढेच आठवले. "दोन. झकास," ते समाधानानं म्हणाले. हायस्कुलात पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, पण पाचापैकी दोन मार्कांना झकास म्हणणारा परीक्षक पहिल्यांदाच पाहत होतो.

या परीक्षेतून कॉलनीत कोणाची सुटका नव्हती. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा माणूस, सगळे अण्णांच्या फाटकात थांबून शब्द आठवत असायचे. गंमत म्हणजे ज्याला पाचही आठवायचे त्याच्यावर अण्णा नाराज व्हायचे. माझ्या बायकोनं, सुलभानं, एकदा पाचही शब्द उलटसुलट म्हणून दाखवले, तर अण्णा दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. एवढं सगळं ध्यानात ठेवून करायचं काय, असं ते मला तक्रारीच्या सुरात म्हणाले. आपल्याला जमत नाही म्हणून माणूस जळतो, असा निष्कर्ष मी काढला. कारण शेवटी ते स्वतःही शब्द आठवायला बसत, आणि त्यांचे मार्क कधी दोनच्या वर जात नसत.

अण्णांचा जन्म पेठ वडगावचा. पुढे शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे म्हातारपण आणि मेंदू या विषयावरही ते फाउंड्रीच्याच भाषेत बोलत. "मास्तर, भट्टी गार पडू द्यायची न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भट्टी तापती राहावी म्हणून ते डाव्या हातानं दात घासत, सत्तरीत कानडी मुळाक्षरं गिरवत आणि मंडईला रोज नव्या गल्लीतून जात. एकदा या नादात भाजी आणायला निघालेले अण्णा थेट जोतिबाच्या रस्त्याला लागले होते.

म्हाताऱ्या मेंदूबद्दल कुठं काही छापून आलं की ते कात्रण घेऊन माझ्याकडे येत आणि उलटतपासणी करत. झोप कमी झाली तर काय होतं, चालण्यानं काय होतं, नवीन शिकलेलं कुठं साठतं. मी एकदा स्पष्टच सांगितलं की शब्दांच्या खेळानं आजार थांबतो असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. चालतं फिरतं राहावं, माणसांत राहावं, त्यानं फायदा होतो एवढंच. त्यावर ते म्हणाले की भट्टीतून प्रत्येक वेळी चांगलाच माल निघतो असं नाही, म्हणून काय आम्ही कोळसा टाकायचं बंद केलं होतं काय.

आणि मग त्यांची ती कॉफी. अण्णांच्या पत्नीला, पद्माकाकूंना, माहेरकडून आजऱ्याच्या पुढं डोंगरउतारावर दोन एकर जमीन मिळाली होती. जांभूळ, फणस, उंबर, हिरडा अशी जुनी झाडं तिच्यावर दाटीनं उभी होती. भाऊबंदांनी सल्ला दिला की झाडं तोडा, काजू लावा. अण्णांनी एकही फांदी न तोडता कर्नाटकातून कॉफीची रोपं आणली आणि त्या सावलीत लावली. का, तर कॉफीला सावली मानवते आणि झाडं राहिली की झाडांमधली मंडळीही राहतात. ही मंडळी म्हणजे शेकरू, धनेश, उदमांजर आणि अधूनमधून येणारे गवे. कुंपणाला तार नाही, फटाके नाहीत, विषारी फवारणी नाही. स्वतः अण्णा मात्र कॉफी पीत नाहीत. त्यांना पित्त होतं.

उदमांजराचा त्यांना विशेष अभिमान होता. ते फक्त पिकलेली फळंच खातं, म्हणून अण्णा त्याला मळ्याचा इन्स्पेक्टर म्हणत. त्याच्या विष्ठेतल्या बिया गोळा करून विकल्या तर परदेशात मोठा भाव येतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. अण्णांना ते पटलं नाही. "त्यानं पेरलंय ते. आपण कशाला उचलायचं?" असं म्हणून त्यांनी ती जागा दगड लावून राखून ठेवली. तिथं खरोखर दोन रोपं उगवली. त्यांचे फोटो अख्ख्या कॉलनीला नातवंडांचे दाखवावेत तसे दाखवून झाले.

गेल्या पौषात पहिली भरघोस तोडणी आली आणि अण्णांनी सगळ्या कॉलनीला आवतण दिलं. आम्ही बाराजण मिनीबसनं पहाटे निघालो. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसून वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगत होते. मागच्या सीटवर सुलभाशेजारी पद्माकाकू खिडकीतून बघत शांत बसल्या होत्या. काकू मुळातच अबोल. अलीकडं जरा विसरतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मळ्यात पोचलो आणि बघतो तर लालबुंद फळांनी फांद्या वाकलेल्या. आमच्यातली पोक्त माणसंसुद्धा पिशव्या घेऊन पोरांसारखी पळत सुटली. आणि अण्णांनी एकदम हात वर केला. समोर पन्नास पावलांवर, कॉफीच्या ओळींमध्ये एक गवा उभा होता. काळा, डोंगराएवढा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. अण्णांनी आम्हाला खुणेनं मागं सरकवत बसपर्यंत नेलं. मग गव्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "पावणं, तुमचं निवांत चालू द्या. आमी हाय हितंच."

पाहुण्यांनी खरंच निवांत घेतलं. दीड तास आम्ही बसशेजारी जांभळाखाली श्वास रोखून बसलो. सुलभानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. भीती होती आणि आनंदही होता. इतकं मोठं जनावर इतकं हळू चालतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. डोक्यावर कुठंतरी धनेशाचे पंख वाजले.

त्या दीड तासातही अण्णांनी कुजबुजत परीक्षा घेतलीच. चाळण, जांभूळ, शिंपी, हिरवा, विहीर. आम्हाला तीन-चार आले. काकूंनी खूप विचार करून "चाळण" आणि "विहीर" सांगितलं. अण्णांना एकच आठवला, शिंपी. काकू हसल्या आणि म्हणाल्या की यांचं काही खरं नाही.

जांभळाखाली बसलेल्या माणसाला जांभूळ आठवत नाही? सकाळभर झाडांची नावं सांगणाऱ्याला? गवा रानात शिरल्यावर तोडणी सुरू झाली, तेव्हा मी अण्णांची ओळ धरली आणि विचारलं की तुम्ही मुद्दाम चुकता ना.

फळं तोडणारे त्यांचे हात थांबले नाहीत. तीन वर्षांपूर्वी काकूंना डॉक्टरांकडं नेलं होतं, ते सांगू लागले. डॉक्टरांनी पाच शब्द दिले. काकूंना एकही आठवला नाही. आजाराचं नाव डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. घरी येताना काकू एवढंच म्हणाल्या की सगळ्यांसमोर मला एकटीला परीक्षेला बसवलंत.

"म्हणून मग म्हटलं, सगळ्यांनीच बसायचं," अण्णा म्हणाले. "घरात तिच्या खाली कोणतरी पायजे की. ती एकटीच नापास व्हायला नको."

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून काकू आल्या. ओंजळभर लाल फळं त्यांनी पदरात धरली होती, चेहरा उन्हानं उजळला होता. त्या अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"छान तोडताय हो तुम्ही," त्या आदरानं म्हणाल्या. "ही माझ्या वडिलांची जमीन. पुढच्या वर्षी परत या तोडणीला. पण असं एकटं नका येऊ, तुमच्या मंडळींना पण घेऊन या."

अण्णांनी हात पुसले आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"व्हय," ते म्हणाले. "घेऊन येतो की."