निशिकांतची भावपूर्ण भिंत

"यंदा जूनच्या सुट्टीत हॉटेल-बिटेल काही नाही! थेट शंभर वर्षांच्या डच बंगल्यात मुक्काम!" निशिकांत दामलेने जेवता जेवता जाहीर केलं आणि त्याच्या बायकोच्या, गार्गीच्या हातातली पळी आमटीत बुडाली.

चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या माणसाला लंच टाइममध्ये इंटरनेटवर घबाड सापडलं होतं. हॉलंडमधल्या एका खेड्यात, झाडीत दडलेली एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे वाकड्यातिकड्या आकारांतून भावना मांडणाऱ्या बंगल्यांची अख्खी वसाहत! एकाचं छप्पर उलट्या होडीसारखं, एकाची भिंत लुगड्यासारखी चुण्याचुण्यांची. त्यातल्याच एका बंगल्याच्या मालकांना, अ‍ॅनेलीस आणि विम या जोडप्याला, तीन आठवडे घरांची अदलाबदल करायची होती. ते सिंगापुरात, दामले तिकडे!

"पण आपल्या फ्लॅटमध्ये आहे काय?" गार्गीने विचारलं.

"अगं, सगळं लिहिण्यावर असतं!"

आणि त्याने लिहिलं. वरच्या बाथरूमच्या गळतीने हॉलची भिंत पोट सुटल्यासारखी फुगली होती. ती झाली 'प्रवाही, भावपूर्ण भिंत'. सात वर्षं नीट न लागलेली खिडकी 'बंडखोर कोनातली' ठरली.

"पप्पा, धिस इज लाइंग, लाह!" अकरा वर्षांची किमया सिंगापुरी हेल काढत म्हणाली.

"गप! याला शैली म्हणतात."

दोनच दिवसांत उत्तर आलं. ऑस्ट्रेलियाला जाताना आम्ही सिंगापूरला उतरतोय, शनिवारी घर बघायला येतो!

नेमका शुक्रवारी प्लंबर यायचा होता. निशिकांतने त्याला रद्द केलं. "भिंत सपाट झाली तर मी खोटा पडेन!"

पण त्या आठवड्यात भिंतीने दगा दिला. ती वाळली, चक्क बसायला लागली! निशिकांत धावत वरच्या मिसेस टॅनकडे गेला. "आंटी, शनिवारपर्यंत जरा सावकाश आंघोळ कराल का?" आंटींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि दार लावलं. पण बाई मनाने चांगली! शनिवारी सकाळी भिंत आठव्या महिन्यातल्या बाईसारखी टरारली होती.

पाहुणे आले. अ‍ॅनेलीस खिडकीपाशी थबकली. विमने भिंतीवर प्रेमाने हात ठेवला आणि वर आंटींचं स्नान ऐन रंगात असताना ताटाएवढा गिलावा धप्पकन खाली आला! मागून पाण्याची धार! निशिकांतने झेप घेऊन दोन्ही तळवे भोकावर दाबले. विमने न विचारता बादली शोधून आणली.

"सवय आहे," तो म्हणाला. "आमच्याकडेही असंच."

अ‍ॅनेलीसच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या भिंती वाकड्या, खिडक्या तिरक्या, वारसा समितीला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकता येत नाही! तीन आठवडे सरळ घरात राहायचं, एवढीच इच्छा होती. तुमचं वर्णन वाचून शंका आली होती, पण वाटलं, माणूस वाढवून लिहीत असेल. तुम्ही तर एक अक्षरही वाढवलेलं नाही!"

एवढ्यात धप्पकन काय पडलं, हे बघायला समोरच्या फ्लॅटमधला मुकुल सरदेसाई बनियनवर बाहेर आला. त्याचं दार उघडंच होतं. आत चार पांढऱ्या, गुळगुळीत, काटकोनी भिंती!

"किती सपाट!" अ‍ॅनेलीस पुटपुटली आणि थेट मुकुलकडे वळली. "जूनमध्ये तुमचा काही बेत आहे का?"

"छे! काहीच नाही," मुकुल म्हणाला.

निशिकांतला मध्ये पडायचं होतं हो! पण हात सोडले असते, तर हॉलचा तलाव झाला असता.