बारा मिनिटांत नारळ

त्या परीक्षेत मी पहिला येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

परीक्षा होती मॅनेजर होण्याची. आमची कंपनी बावीस देशांत पसरलेली आहे. कुणालाही मॅनेजर करण्याआधी ती त्याला सहा आठवडे घासूनपुसून लख्ख करते. मी अकरा वर्षं उपव्यवस्थापक आहे. उपव्यवस्थापक म्हणजे शिव्या खायला पुढे आणि निर्णय घ्यायच्या वेळी मागे! यंदा ते 'उप' गळायलाच हवं होतं, कारण ते गळलंय असं बायकोने माहेरी आधीच सांगून टाकलं होतं. सासरेबुवा तर अभिनंदन करून मोकळे झाले होते!

शेवटची परीक्षा नाटकाची. खोलीत एक नट बसवलेला असतो. तो कर्मचारी, तुम्ही मॅनेजर. बारा मिनिटांत गोड बोलून त्याला नारळ द्यायचा.

"नट पक्का आहे हं," प्रशिक्षक बाईंनी बजावलं होतं. "रडेल, चिडेल, मी दुसराच कुणी आहे म्हणेल. तुम्ही बधायचं नाही! तिसरा मजला, डावीकडची दुसरी खोली."

मी घरी बायकोवर सराव केला. चार वेळा तिला नोकरीवरून काढलं. पाचव्या वेळी तिनेच मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

परीक्षेच्या दिवशी शुभेच्छा देऊन कुणी डोकं खाऊ नये, म्हणून मी मागच्या जिन्याने वर गेलो. डावीकडची दुसरी खोली. दार ढकललं. आत एक टकले गृहस्थ कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. चेहरा इतका थकलेला, की मनात म्हटलं, वा! नट असावा तर असा!

"नमस्कार," मी म्हणालो. "बातमी चांगली नाही. आजपासून कंपनीला तुमची गरज उरलेली नाही."

"काय?" ते ताडकन उठले. "मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"तुम्हाला बसलेला धक्का मी समजू शकतो. बसा."

"अहो, मी मुख्यालयातून आलोय!"

"सगळे असंच म्हणतात. पाणी घ्या."

"पण हे ठरवलं कुणी?"

"वरून आलंय."

"वरून? माझ्या वर दोनच माणसं आहेत!"

"त्यांनीच ठरवलं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तरीच!" ते पुटपुटले. "तरीच तीन महिने माझ्या एकाही मेलला उत्तर नाही! तरीच मला एवढ्या लांब धाडलं!" आणि ते ढसाढसा रडायला लागले. खरे अश्रू! मी थक्क झालो. इतक्या गुणी माणसाला सिनेमावाले घेत कसे नाहीत? मी रुमाल दिला, पाठीवर हात ठेवला, गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं. त्यांनी बायकोला फोन लावला, दोन शब्द बोलले, माझा हात घट्ट दाबला आणि निघून गेले. घड्याळ पाहिलं. अकराच मिनिटं!

छाती फुगवून बाहेर आलो, तर समोरून प्रशिक्षक बाई धावत येत होत्या.

"होतात कुठे तुम्ही? नट बिचारा केव्हाचा ताटकळलाय!"

"थट्टा करता काय बाई? आत्ताच तर काढला त्याला!"

"कुठून?"

मी दार दाखवलं. बाईंनी दार पाहिलं, माझ्या हातातलं ओळखपत्र पाहिलं आणि त्या मटकन खालीच बसल्या.

मागच्या जिन्याने आलं की डावी बाजू उजवी होते, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं! मी ज्यांना नारळ दिला, ते मुख्यालयाचे मोठे साहेब होते. आता भिंतीवरच्या फोटोत त्यांना भरघोस केस आहेत, यात माझा काय दोष? आणि ते आले होते कशाला? आमच्या बढतीच्या यादीवर सही करायला!

तीन मजले मी कसा उतरलो, मला आठवत नाही. फाटकाशी साहेब टॅक्सीत बसत होते.

"साहेब! घोटाळा झाला! ती परीक्षा होती! तुम्हाला कुणीही काढलेलं नाही!"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "काढलेलं नाही?"

"अजिबात नाही!"

आता मिठी मारतात की मुस्कटात, याची मी वाट बघत होतो. पण साहेबांचा चेहराच पडला!

"हळू बोला हो!" ते म्हणाले. "बायको फोनवर हसली. नऊ वर्षांनी हसली! परत कामावर चाललो, हे आता कोणत्या तोंडाने सांगू तिला? मी नाही येणार. राजीनामा देतो."

"पण साहेब, ती यादी... माझी बढती..."

"मी आता कोण सही करणारा? तुम्हीच तर काढलंत मला! पण तुमचे उपकार नाही विसरणार. सव्वीस वर्षांत इतक्या मायेने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मुख्यालयाला शेवटचा मेल टाकतो, खास तुमच्यासाठी. नाव सांगा."

आणि तिथल्या तिथे, टॅक्सीचं दार उघडं ठेवून, त्यांनी अंगठ्याने मेल लिहिला! मला भरून आलं. त्यांच्या पाया पडायचाच काय तो राहिलो. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, आता साक्षात मुख्यालय आपल्या पाठीशी आहे.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बाईंनी मेल माझ्यापुढे धरला. साहेबांनी लिहिलं होतं : "हा माणूस हिरा आहे. ही शाखा त्याच्याच जिवावर उभी आहे. काहीही झालं तरी त्याला आहे त्या जागेवरून हलवू नका."

खाली मुख्यालयाचा शेरा होता : "मंजूर. कायमचं."