शेवटच्या घराचा नळ

"मेली बादलीसुद्धा आता मला बघून तोंड वाकडं करते," मोरीतून पुटपुटणं ऐकू आलं. "म्हणत असेल, आली पुन्हा मागायला! या वयात दुसऱ्याच्या नळाखाली उभं राहायचं म्हणजे... त्यापेक्षा लेकीकडे जाते. कायमची. तिथे म्हणे दिवसभर पाणी असतं."

मी दाराच्या अलीकडे भांडी पुसत होते. हात जागच्या जागी थांबला.

पुटपुटणाऱ्या होत्या माझ्या जाऊबाई. आमच्या ह्यांच्या थोरल्या वहिनी. गल्लीच्या अगदी टोकाला एकट्या राहतात. पाण्याची लाइन मोठ्या रस्त्यावरून गल्लीत शिरते, घराघराला वाटत वाटत पुढे सरकते आणि जाऊबाईंच्या दारी पोचेपर्यंत तिच्याकडे द्यायला फक्त वारा उरतो. म्हणून त्या रोज सकाळी येऊन माझ्याकडून दोन बादल्या भरून नेतात. मी कधी नाही म्हटलेलं नाही. उलट "तिसरीही घ्या की!" असा आग्रह करते. स्वभावच पडला माझा तसा!

पण लेकीकडे? आणि कायमची? मग दुपारी मी भांडायचं कुणाशी? ह्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. आवाज नाही, समाधान नाही. जाऊबाईंशी भांडण्यात एक रंगत असते, आणि इतकी वर्षं घासूनपुसून जपलेलं भांडण असं दुसऱ्या गावाला पाठवून द्यायचं?

मी तडक मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले. "जाऊबाई, तुम्ही कुठेही जायचं नाही! तुमच्या नळाला असं पाणी आणते की मीच तुमच्याकडे बादली घेऊन येईन!"

"तू आणणार?"

"मी!"

"बरं. तोवर ही उचलायला हात लाव."

आता मी काही हवेत बाण मारत नव्हते. पाणी खात्यानं तेव्हाच जाहीर केलं होतं की यापुढची आखणी ग्राहकांना विचारून होणार. प्रत्येक गल्लीनं एक प्रतिनिधी निवडायचा, त्यानं गल्लीची गाऱ्हाणी मांडायची, आणि खात्यानं सगळ्यांबरोबर बसून ठरवायचं, की नवी, जाड लाइन आधी कुठल्या गल्लीत टाकायची. आमच्याकडून निवृत्त हेडमास्तर उभे राहणार होते. पण त्यांचं भाषण सुरू झालं की ऐकणाऱ्याला तहान लागते, आणि पाण्याची टंचाई असताना ते परवडणारं नव्हतं. शिवाय मी बैठकीला चहा देईन म्हणाले. निवडून आले!

खात्याच्या कचेरीत मोठ्या टेबलावर सगळ्या गावाचा नकाशा पसरलेला. भोवती गल्लोगल्लीचे प्रतिनिधी, लग्नाच्या पंगतीत पहिली वाढ कुणाला याकडे डोळे लावून बसावं तसे बसलेले. इंजिनिअरबाई तरुण, केस घट्ट बांधलेल्या. "तुम्ही सांगा, आम्ही आखतो," त्या म्हणाल्या.

मी उठले. "मॅडम, आमच्या गल्लीत पाणी येत नाही. पाण्याची बातमी येते! शेवटच्या घरी तर तीही पोचत नाही!"

टाळ्या! बाईंनी आमच्या गल्लीवर लाल टाचणी टोचली. "काकू, तुमची गल्ली पहिल्या नंबरावर घालायला माझी हरकत नाही. गुरुवारी पाण्याच्या वेळेला येते, दाब मोजते. शेवटच्या नळाला दाब नसेल, तर लाइन तुमची."

"नसेलच!" मी छातीठोकपणे सांगितलं.

गल्लीत परत आले ती मिरवणुकीत यावी तशी. कोपऱ्यावरच्या टेलरभाऊंनी मशीन थांबवून सलाम ठोकला. हेडमास्तरांनी सुद्धा "अभिनंदन, वहिनी" म्हटलं, तोंड कडू औषध घेतल्यासारखं करून. घरी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"अगं, पण आपली मोटार?"

"हळू बोला!"

सांगते. नळाच्या लाइनला थेट मोटार जोडली की ती पाइपातलं पाणी खेचून आपल्या टाकीत भरते. नियमाप्रमाणे बंदी आहे. पण नियमाप्रमाणे पाणीही यायला हवं की नाही? तर होती आमच्याकडे एक. मोरीच्या मागे, पालथ्या टोपलीखाली. आमच्या गल्लीत आणखी कुणाकडे असेल असं मी म्हणणार नाही, पुरावा नाही. एवढंच की पाण्याच्या वेळेला घराघरातून घुर्र घुर्र सुरू व्हायचं आणि विचारलं की प्रत्येकजण म्हणायचा, "फ्रिज जुना झालाय." आमच्या गल्लीत सगळ्यांचे फ्रिज एकाच वेळी म्हातारे झाले होते.

"बाईंनी पाहिली तर दंड राहिला बाजूला, नाक कापलं जाईल," हे म्हणाले. "प्रतिनिधीच्याच घरी मोटार!"

"गुरुवारी बंद ठेवू. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. त्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

इतकी सरळ युक्ती सुचल्याबद्दल मी स्वतःवरच खूश झाले. अर्थात कुणाला बोलले नाही. अशा गोष्टी काय दवंडी पिटून करायच्या असतात?

गुरुवार उजाडला. इंजिनिअरबाई आल्या, बरोबर पिशवीत दाबमापक, घड्याळासारखं गोल. माझ्या बैठकीच्या खोलीत गल्ली जमली. जाऊबाई माझ्या मदतीला सकाळपासूनच आमच्याकडे, कपबशा मांडत होत्या. पाण्याची वेळ झाली. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. मग लक्षात आलं, गल्ली चिडीचूप होती! एक फ्रिज घुरघुरत नव्हता! मी टेलरभाऊंकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. हेडमास्तर चष्मा पुसत होते, एकच काच, पुन्हा पुन्हा.

बाईंनी दाबमापक माझ्या नळाला बसवलं आणि चावी सोडली. काटा असा उडाला, जशी शेपटीवर पाय पडलेली मांजर!

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "हा तर फारच चांगला दाब आहे, काकू."

"यंत्र बिघडलंय!" मी ओरडले.

"नवं आहे."

"मग नवं असल्यामुळे असेल," टेलरभाऊ धावून आले. "नव्या मशीनचा टाका पण सुरुवातीला भलतीकडेच जातो."

"मॅडम, हे पहिल्या घरांचं झालं," हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले. "खरी परीक्षा शेवटच्या नळाची. तिथे थेंब पडत नाही. मी शब्द देतो."

"थेंब नाही!" सगळे एका सुरात.

निघाला ताफा. पुढे बाई, मागे मी, त्यामागे गल्ली, आणि शेवटी गुडघे सांभाळत जाऊबाई. अर्ध्या वाटेत समोरून पाण्याचा एक पातळ ओहोळ आम्हाला भेटायला आला. पाठोपाठ एक चप्पल, मग तिची जोडीदारीण.

"अगं बाई! माझ्या चपला!" जाऊबाई किंचाळल्या.

झालं होतं असं, की जाऊबाई आपला नळ नेहमी पूर्ण उघडा ठेवतात आणि त्याच्याखालच्या रिकाम्या पिंपात पालथं ताट ठेवतात. एखादा थेंब चुकून पडलाच तर वाजावा आणि त्यांनी धावावं. वर्षानुवर्षं ते ताट मुकं होतं. आज ते नगाऱ्यासारखं वाजलं असणार, पण ऐकायला घरी होतं कोण? दार उघडलं तर पिंप भरून वाहत होतं, बादल्या तरंगत होत्या, नळ फवारा उडवत होता आणि कोपऱ्यातलं पायपुसणं एखाद्या होडीसारखं ऐटीत आमच्याकडे येत होतं.

इंजिनिअरबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. "इथे थेंब येत नाही म्हणालात ना?"

बाईंनी दाबमापक लावायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "शेवटच्या घराला इतका दाब मी गावात कुठेच पाहिलेला नाही. मग नवी लाइन शेजारच्या गल्लीला देते. त्यांना खरी गरज आहे."

"नाही हो, मॅडम!" मी बाईंची वाट अडवली. डोळ्यांसमोर जाऊबाईंची बांधलेली ट्रंक दिसायला लागली. "रोज असं नसतं! रोज इथे कोरडं ठक्क असतं, शपथेवर सांगते!"

"मग आजच कसं?"

"आज... आज हवा चांगली आहे," टेलरभाऊ म्हणाले.

"गुरुवार आहे," हे म्हणाले. ह्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं होतं.

"तुमचा पायगुण, मॅडम!" हेडमास्तर.

"सर, पायगुणावर मला पाइप टाकता येत नाही," बाई म्हणाल्या. "रोज आणि आज यात काय वेगळं आहे, तेवढं सांगा. मी त्याप्रमाणे आखणी करते. त्यासाठीच तर तुम्हाला विचारायला आलेय."

सगळी गल्ली खाली बघायला लागली. खाली पाणी होतं, त्यात सगळ्यांची तोंडं दिसत होती, म्हणून मग सगळे वर बघायला लागले. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काठावर काढलेल्या माशासारखी, तेही इतक्या पाण्यात!

जाऊबाई मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. वाहणाऱ्या नळाखाली त्यांनी हात धरला होता. लहान मुलगी पहिल्यांदा बांगड्या भरल्यावर बघते ना, तशा त्या मनगटावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहत होत्या. मग सावकाश त्यांनी चावी बंद केली, पदराला हात पुसला आणि बाईंकडे वळल्या.

"मावशी, तुम्ही तरी सांगा," बाई म्हणाल्या.

"सांगते की. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "नवी लाइन द्यायची त्यांना द्या. मला एवढंच हवंय, आज या सगळ्यांनी तुमच्या भीतीनं आपापल्या मोटारी बंद ठेवल्यात ना, त्या रोज बंद ठेवायला लावा. मग मी कशाला जाते लेकीकडे?"

आणि माझ्या खांद्यावर तोच ओला हात ठेवून म्हणाल्या, "सुरुवात हिच्यापासून करा. हिची सगळ्यांत मोठी आहे!"