बखर बाबलीरावांच्या विस्मरणाची व रेडऑक्साईडच्या मोहिमेची

श्रीदेव रवळनाथ प्रसन्न. मालवण सुभ्यांत दर्याकिनारीं जें महत्संकट गुदरलें आणि जें ब्रशाच्या बळें निवारलें, त्याची हकीकत ऐकिल्याबरहुकूम लिहिली असे. वाचतां हंसूं आलियास पदर अगर रुमाल तोंडास लावावा.

राजश्री बाबलीराव, न्याहारी-निवासाच्या तीन खोल्यांचे अधिपति, यांजकडे जत्रेंत देवापुढें गाऱ्हाणें घालण्याचा, म्हणजे अवघ्या गांवाचे वतीनें देवास हाक देऊन मागणें मागण्याचा वडिलोपार्जित मान. ऐसियास एका पाहुण्यानें सुरमई यथेच्छ भक्षून, जातांच मोबाईलांत एकच तारा दिल्हा आणि शेरा मारिला कीं, लाटांचा आवाज रात्रभर चालू होता, मालकास सांगोनही बंद केला नाहीं. ते दिवसापासोन मोबाईल वाजला कीं रावांस नवा शेरा आल्याचा भास, आणि मग तोच शेरा पुनः पाहाणें, आणि मग झोंप फरारी, आणि मग स्मृतीची फौज एकेक शिपाई करोन फितूर जाहली. आधीं चष्मा गेला, मग पाहुण्यांचे चहांत मीठ पडलें, आणि देवळाचे बैठकीस गाऱ्हाणें घालूं जातां राव "बा देवा म्हाराजा" इतकें म्हणोन जे थांबले ते थांबलेच. चुलतभाऊ गुरुदासराव टपलेलेच होते.

"बाबल्या, तुका जमणा नसात तर सांग रे. औंदा गाऱ्हाणा मी घालतंय."

हा बोल रावांचे घशांत पेडवे मासळीच्या कांट्यासारखा रुतला. घरीं कुटुंब किशोरीबाई मोबाईलांतील वैद्यकांत निष्णात. त्यांणीं निवाडा दिल्हा कीं, चिंता फार दिवस मुरली म्हणजे मेंदूस गंज चढतो. त्यावर उतारा अँटिऑक्सिडंट, म्हणजे क आणि ई जीवनसत्त्व. परमुलखीं शास्त्रीमंडळींनीं उंदरांस छळ छळ छळोन हें ताडून पाहिलें आहे. राव म्हणाले, आपण उंदीर नव्हे.

"उंदरांका गुण इलो, मगे तुमका कित्याक नाय येवचो?"

सबब राव औषधाचे दुकानीं कूच करिते जाहले, आणि वाटेंत मोबाईल वाजला, आणि औषधाचें नांव निम्में सांडलें. उरलें तें इतकेंच कीं, गंज आणि ऑक्साईड. खाऱ्या वाऱ्याच्या मुलखांत या दोन शब्दांचा अर्थ पोरासोरांसही ठाऊक. पाय आपोआप हार्डवेअरवाल्याकडे वळले, आणि राव रेडऑक्साईडचा, म्हणजे लोखंडास गंजापासोन राखणाऱ्या लाल रंगाचा डबा व ब्रश घेऊन विजयी मुद्रेनें परतले.

"ह्या आता तुमी पितलात, की मी तुमच्या डोक्याक लावू?" बाईंनीं पुसिलें.

मग गोळ्या बाईंनीं स्वयें आणोन खिडकींत ठेविल्या, आणि डबा वायां न जावा म्हणोन अंगणाचें लोखंडी फाटक रंगविण्याचा हुकूम सोडिला. राव पॉलिशपेपर घेऊन गंजावर तुटोन पडले. हात कोपरापर्यंत लाल, त्यामुळें मोबाईल वाजे, परंतु धरितां येईना. प्रथम जीव तळमळला, मग संवय जाहली, आणि मग खरवडतां खरवडतां तोंडून जुनें गाऱ्हाणें आपोआप झरूं लागलें.

जत्रेचा दिवस उगवला. गुरुदासराव कोरें धोतर नेसोन तयारींत. बाबलीराव लाल नखांनिशीं उभे राहिले. एक शब्द अडखळला नाहीं. बारा गांवचे देव, चाळेगत भूतगण, राखणदार, सर्वांस यथाक्रम हाक गेली, आणि अखेरीस रावांस अधिकही आठवलें:

"आणि जो कोण पोटभर सुरमय खावन एकच तारो देता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा! दर्या बंद करूचा बटण आमच्याकडे नाय, ता तेका समजान सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अवघी रयत गर्जली, संवयीनें गुरुदासरावही गर्जले.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली, मान राखिला. बाईंनीं यश गोळ्यांचे पदरीं टाकिलें. खिडकींत पाहातां पाकीट जैसें होतें तैसें शाबूत, राव घेण्याचेंच विसरले होते. बाईंनीं पाकीट उचलोन फडताळांत घातलें आणि फर्माविलें कीं, उद्यां मागल्या खिडकीचे गज. ब्रश टर्पेंटाईनमध्यें भिजत ठेविला आहे.