रावमामांच्या बिनपाण्याच्या बॅटऱ्या

आमचे घरमालक रावमामा रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालतात आणि मग त्याच ओल्या पंच्यानं जाऊन बॅटऱ्यांना घालतात. तुळशीला तांब्यातून, बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीतून. पुटपुटणं दोन्हीकडे सारखंच. बदली होऊन मी कुंभकोणम्ला आलो तेव्हा मला वाटलं, इथल्या मराठी घरांत हा कुळाचारच असावा.

बॅटऱ्या असतात त्यांच्या घरगाडीत. घरगाडी म्हणजे शाळेची एक जुनी व्हॅन. आत पलंग, पंखा, देव्हारा, फिल्टर कॉफीची भांडी. गाडी चालवायची बॅटरी वेगळी. पलंगाखालच्या या बॅटऱ्या घराच्या, म्हणजे पंख्याच्या आणि मुख्य म्हणजे मामींच्या ऑक्सिजन यंत्राच्या. मामींची फुप्फुसं थकली तेव्हापासून यंत्राची नळी नाकाला आणि अंगणाच्या पुढे पाऊल नाही. "ती बाहेर येत नाही ना? मग अस्कं घर बाहेर नेतों मी!" असं म्हणून मामांनी ही गाडी उभी केली. अस्कं म्हणजे सगळं. मामांच्या तंजावरी मराठीत प्रत्येक गोष्ट अस्कीच असते.

गाडी गेल्या वर्षी एकदाच बाहेर पडली. मरुदानल्लूर हे मामींचं माहेर, इथून रिक्षानं जाता येईल एवढं जवळ. तिथे भजनं गाऊन राधा-कृष्णाचं लग्न लावतात. त्या राधाकल्याणात मामी परकरी वयापासून गायच्या. तर ऐन मंगळसूत्राच्या आधी बॅटऱ्यांनी मान टाकली. यंत्र कुईं करून बंद पडलं. मामांनी मामींना तसंच घरी आणलं. "पुरे झालें," एवढंच मामी बोलल्या. त्यानंतर मामांनी मरुदानल्लूरचं नाव घेणं सोडलं आणि एकदम काश्मीर धरलं. फुलवाली, पोस्टमन, केळीच्या पानांचा दुकानदार, जो भेटेल त्याला "काश्मीर जातों हो आम्ही! लिथियम येतें!" मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

लिथियम, म्हणजे नव्या जातीच्या बॅटऱ्या, खरंच आलं. इलेक्ट्रिशियन मुरुगन वेळेवर आला, पण राहुकाळ लागला होता. मामांनी त्याला ओटीवर बसवून पोटभर जेवायला घातलं. राहुकाळ संपला तेव्हा मुरुगन घोरत होता. शेवटी खोकं उघडलं. मामांनी बॅटरी एका हातानं उचलली आणि किंचाळले, "अय्यो! हें रिकामें डबें! जुनीस दोघे जण लागत!" मुरुगननं समजावलं की लिथियम हलकीच असते. मग मामा बॅटरी उलटीपालटी करून झाकण शोधू लागले.

"पाणी कुठें घालायचें?"

पाणी लागतच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. घरात येऊन पाणीसुद्धा न घेणारी वस्तू त्यांना उद्धट वाटली.

आता परीक्षा. मामींच्या यंत्रावर प्रयोग नको, म्हणून मामांनी गाडीत इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर चढवला. तोही वीज तेवढीच खातो, असं त्यांचं म्हणणं. तो सकाळपासून जेवणवेळेपर्यंत चालला, तर मामींचं यंत्रही चालेल. गल्लीभर दवंडी पिटली आणि घराघरांतून भिजवलेले तांदूळ-उडीद येऊ लागले. ग्राइंडर गरगरला, गाडी थरथरली, देव्हाऱ्यातला विठोबा डोलला. आणि पहिल्या घराचं पीठ होतंय न होतंय तोच सगळं ठप्प.

मामा मट्कन खालीच बसले. एका ग्राइंडरसाठी एवढं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

मुरुगननं पलंगाखाली डोकं घातलं आणि आतूनच ओरडला. नव्या बॅटऱ्यांच्या मागे एक जुनी, फडक्यानं झाकलेली, कुंकू लावलेली, मामांनी गुपचूप जोडून ठेवली होती. ती मेल्यात जमा होती आणि नव्यांची सगळी वीज पिऊन टाकत होती.

"इतकीं वर्षें राबली ती," मामा पुटपुटले. "नव्या सुना आल्या म्हणून तीस बाहेर काढूं? आमचें एकत्र कुटुंब हो!"

मुरुगननं हे कुटुंब विभक्त केलं. मग ग्राइंडर जो सुरू झाला तो थांबेचना. गल्लीतले तांदूळ संपले, डाळ संपली, लोकांची पातेली संपली. आम्ही आठवडाभर तिन्ही त्रिकाळ इडल्या खाल्ल्या. मामांनी मात्र त्या दिवशी एकही खाल्ली नाही. देवासमोर बसून जप करत होते.

यंदाच्या राधाकल्याणाच्या सकाळी त्यांनी मला गाडीत बोलावलं. "चला, काश्मीर!" मामी आधीच पलंगावर होत्या. नऊवारी रेशमी, केसांत मोगरा, नाकाला नळी. मामा बघतच राहिले. कुठे जायचं ते त्यांनी मामींना अजून सांगितलंच नव्हतं.

मरुदानल्लूरच्या भजनमंडपाला लागून गाडी उभी केली, दार सताड उघडलं. मी मामांना हळूच विचारलं, वर्षभर हे काश्मीर काय लावलं होतंत?

"काश्मीर म्हटलें की नाहीं गेलों तरी कोणी रडत नाहीं," ते म्हणाले. "मरुदानल्लूर म्हटलें असतें तर ती रोज वाट पाहत बसली असती. पुन्हा बॅटरी गेली असती तर? मज तिचें तें तोंड पुन्हा पाहवत नाहीं."

त्यांना चिडवायचं सोडून मी पंखा मामींकडे वळवला.

मंडपात मंगळसूत्राचं पद सुरू झालं. नव्या बॅटऱ्यांत किती वीज उरली ते मामा फोनवर बघून दर कडव्याला आकडा पुकारत होते. मामींनी हात लांब करून फोन पालथा घातला.

"पुरे झालें," त्या म्हणाल्या, आणि गायला लागल्या. आवाज बारीक, मध्ये मध्ये तुटणारा, पण पद त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर मामा ओल्या पंच्यानं, बाटली घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात वाकले होते. तिथे सावलीत ती जुनी बॅटरी होती. मामा तिची झाकणं उघडून पाणी घालत होते.