सोमवारची गोळी

बाबूकाका माणसाकडे बघत नसत, त्याच्या डोळ्यांकडे बघत. तुम्ही पहिल्यांदा भेटलात की नावगाव राहिलं बाजूला, "हलू नको" म्हणत ते तुमची हनुवटी धरणार, तोंड उजेडाकडे वळवणार आणि निकाल देणार, "डावा खाली उतरलाय. कोणी आखला रे तुला? घाई केलीन." माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी नवरीची अशीच तपासणी केली. "आखणी बेस हाय," असं तिच्या बापाला सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं आता काय करता येत नाय. रंग वाळला."

धंदाच तो त्यांचा. आमच्या पेणमध्ये गणपती घडवणारे आणि रंगवणारे हात गल्लोगल्ली सापडतात, पण मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे आखणी करायची, तर ते येरागबाळ्याचं काम नव्हे. सगळी मूर्ती तयार होऊन पाटावर बसते आणि शेवटी आखणीवाला येतो. त्याची रेघ केसभर सरकली तर देव तिरळा. बाबूकाकांची चाळीस वर्षांत सरकली नव्हती. ते आखणीला बसले की कारखान्यातला पंखा बंद, रेडिओ बंद, पोरीबाळींच्या बांगड्यासुद्धा बंद. एकदा मालकाला शिंक आली म्हणून त्यांनी त्याला त्याच्याच कारखान्यातून बाहेर काढलं होतं.

माझं औषधाचं दुकान कारखान्याच्या समोर. मला ते 'केमिस्ट' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ती शिवीच वाटे. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं. "रोज तीस-तीस गणपतींना मी नजर देतो. एकानं अजून माझ्याकडं बघितलं नाय," असं म्हणून खदाखदा हसत. असा हा माणूस तीन वर्षांपूर्वी काकी गेल्यावर अचानक उपवास करायला लागला. सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. मी म्हटलं, स्वयंपाकाचा कंटाळा आला असेल. एकट्या माणसाला उपवास सोयीचा पडतो.

त्याच सुमाराला त्यांना थायरॉईड निघाला. अंगावर सूज, दिवसभर झोप, चार मूर्ती झाल्या की मान खाली. डॉक्टरांनी रोज पहाटे उपाशीपोटी घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. गोळी हातात घेऊन काकांनी विचारलं, "यात काय असतं रे?" मला कुठून अवदसा आठवली! दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, मला जरा शहाणपणा मिरवायचा होता. म्हटलं, "औषध नखाएवढं, बाकी सगळं मक्याचं पीठ."

लोक हसले. काका हसले नाहीत.

वर्षभरानं रिपोर्ट आला तो बिघडलेला. डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची केली आणि मी काउंटरवरून काकांची हजेरी घेतली, "गोळ्या चुकवता ना? महिन्याच्या तीस म्हणजे तीस पोटात गेल्या पाहिजेत. एक उरली तर माझ्याशी गाठ आहे." ते निमूट मान हलवून गेले. मला फार बरं वाटलं. आपण एका हट्टी म्हाताऱ्याला वठणीवर आणलं, असं मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

त्यानंतर त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही असं नाही, सगळ्यांना सांगितलं, पण अशा थाटात की ऐकणारा हसूनच मरावा. "हात लाव, हात लाव," म्हणून समोरच्याचा पंजा आपल्या छातीवर दाबायचे. "बेंजो पार्टी शिरलीय आत. विसर्जनाला अजून दोन महिने हायत, हे आतापासून नाचतायत." मीही हात लावला होता. आत खरंच ठेका नव्हता, नुसता गलका होता. मी म्हटलं, "चहा कमी करा." औषध विकणाऱ्या माणसानं हे म्हणावं!

काकांनी त्यावरही उपाय काढला. ब्रश डोळ्याशी नेऊन ते श्वास धरून बसत, आतला गलका क्षणभर थांबेल त्याची वाट बघत, आणि तेवढ्यात रेघ ओढत. तीस मूर्तींच्या जागी दहा होऊ लागल्या, मग चार. श्रावणात एक दिवस मालकानं मला हाक मारली. फळीवर ओळीनं सात गणपती होते आणि सातांचेही डोळे पांढऱ्या रंगानं पुसलेले. काका समोर पाटावर बसले होते, उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरून. त्या उजव्या हाताला ते सांगत होते, "हलू नको. हलू नको रे बाबा."

मी त्यांना घरी नेलं आणि गोळ्या बघायला मागितल्या. त्यांनी पाकिटाबरोबर एक तपकिरीची रिकामी डबी पुढे केली. डबीत पाच गोळ्या.

"ह्या कसल्या?"

"उपवासाच्या. मक्याचं पीठ उपवासाला चालत नाय ना? त्या दिवशीची हिच्यात टाकतो. पाच साठल्या की मोकळ्या दिवशी सगळ्या एकदम घेतो. तूच बोललास ना, तीस म्हणजे तीस. बघ, एक नाय चुकवली."

हे त्यांनी मला शाबासकीसाठी सांगितलं होतं. मी मनात हिशेब मांडला. आधी वर्षभर उपवासाला गोळी बंद, म्हणून रिपोर्ट बिघडलेला. मग गोळी दुप्पट. आणि वर माझा दम ऐकून पाच-पाच एका दमात! एक थट्टा आणि एक दम, दोन्ही माझेच.

त्यांची मुलगी वैशाली रोह्याला दिलेली. ती धावत आली आणि त्यांना घेऊन गेली, मीही बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, गोळी कमी केली आणि स्पष्ट सांगितलं : हृदयाचा ताल बिघडलाय, तो पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही, हाताची थरथर कमी होईल, पण आखणीचं विसरा. मी डॉक्टरांपुढे हात जोडून सगळं कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, "असं कोणी करेल हे कोणाला वाटणार?" मला त्यांनी ओरडायला हवं होतं.

यंदा पेणचे गणपती गाड्यांत चढले, गेले. कारखान्यातली आखणी दुसऱ्याच कोणी केली. ठीक होती.

दिवाळीनंतर वैशालीचा फोन आला. "दादा, बाबा बाकी सगळं ऐकतात, पण उपवासाला गोळी घेत नाय. काल उशीखाली पाच सापडल्या. तुम्ही या, तुमचं ऐकतील." माझं कशाला ऐकतील, हा प्रश्न मी गिळला आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं रोह्याला गेलो.

काका ओटीवर बसले होते. निम्मे झाले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो. "काका, तेव्हा मी थट्टा केली. गोळीनं उपवास मोडत नाही."

"तेव्हा बोललास पीठ हाय. आता बोलतोस चालतं. तुझ्या बोलण्यावर किती नाचायचं, केमिस्ट?"

वैशालीला राहवलं नाही. ती रडतच ओरडली, "बाबा, ह्याच उपवासांपायी तुमचा हात गेला! तुमचा देवावर विश्वास तरी हाय काय?"

"माझे कुठं हायत ते," काका म्हणाले. "तुझ्या आयशीचे हायत."

मग सावकाश सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच सीझनला त्यांचा हात रंगात घालायच्या उकळत्या सरसात पोळला होता. काकीनं तेव्हा सोमवार धरला, पुढे एकेक वाढवत गेली. कशासाठी, तर ह्यांचा हात थरथरू नये. ते जन्मभर तिला हसले. शेवटी दवाखान्यात नर्सनं सोमवारी तिला पेज पाजली, तर ती रडायला लागली. "बोलली, तेवढा माझा सोमवार तुम्ही धरा हां. मी धरला. बुधवारी ती गेली. सोडा असं सांगायला परत आली नाय. मग मी कसा सोडू?"

मला वाटलं, आता ह्या माणसाला काही सांगण्याचा मला अधिकार नाही. पण वैशालीनं आत जाऊन पाणी आणलं, गोळी आणली, आणि नुसती हात पुढे करून उभी राहिली. तिचा हात त्यांच्यापेक्षा जास्त कापत होता. काकांनी तो बघितला. बराच वेळ बघितला. मग गोळी उचलली आणि गिळली.

गोळीनंतर अर्धा तास काही खायचं नसतं. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास झाल्यावर काका म्हणाले, "उपवास मोडलाच हाय, तर भात वाढ."

सोमवारी सकाळी ते भात जेवले. निम्मी शितं ताटाबाहेर सांडली. वैशाली भरवायला पुढे झाली तर त्यांनी तिला मानेनंच थांबवलं. चौथ्या घासाला हात ताटात तसाच राहिला.

"तीन वर्षं तुझ्या आयशीला धरून ठेवली होती," ते म्हणाले. "आज गेली."

वैशालीनं ताटाबाहेरची शितं वेचायला घेतली. मीही तिच्याबरोबर वेचू लागलो.