डाव्या सीटवरचा पेला

प्रल्हाद मिस्त्रीच्या गाडीत डाव्या सीटवर माणूस बसत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला बसतो. त्याच्यासाठी सीटवर फळी टाकून बेताचं भोक पाडलंय. रोज सकाळी मिस्त्री आखाडा बाळापूरहून नांदेडच्या रस्त्याने पेल्याला फिरवून आणतो. पाणी सांडलं, की त्याच दिवशी चाकं उतरवून स्प्रिंगा पुन्हा जुळवतो.

गाडी लाल, दोन दारांची, पोट रस्त्याला घासेल इतकी बुटकी. एका जमीनदाराच्या हौशी मुलाने कधीकाळी मुंबईहून आणलेली. पुढे गोठ्यात कडब्याखाली पडून होती. मिस्त्रीने तिथून उचलली. इंजिनाला बोअर मारला, पिस्टन बदलले, एकाचे दोन कार्बोरेटर केले. आता ती सुटली की रस्त्याकडेच्या शेळ्या दावं तोडतात. पण तिच्या स्प्रिंगा मात्र हा माणूस सारख्या मऊच करत असतो.

"मिस्त्री, शर्यतीची गाडी हाय ही. कडक स्प्रिंग पाहिजे. वळणावर लोळंल," मी एकदा म्हणालो.

"लोळू द्या. पळाली पाहिजे, पर हादरा नको."

"पळंल ती हादरंल. दोन्ही कसं जमंल?"

"जमवायलो न्हवं का, शेठ!"

'जमवायलो' हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. जेवलात का? जमवायलो. तब्येत? जमवायलो. गावातली पोरं त्या गाडीला 'पाळणा' म्हणतात. तो हसतो.

मी हसत नाही. माझा त्याच्यावर राग होता, आणि तो खरा होता. पंक्चर काढता काढता मी सुट्या भागांचं दुकान उभं केलं. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून बाळापुरात नाही. मिस्त्री बेअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळं माझ्याकडून नेतो, तेही भाव न पाडता. त्यामुळे विकण्यात मजाच येत नाही. पण स्प्रिंगा, शॉकअप, चाकांवरचे पोलादी पाटे, म्हणजे हादरा झेलणारं जे जे काही, ते? त्यासाठी नांदेडला जातो. आणि पिशवी घेऊन परत येतो कुठून, तर माझ्या दुकानावरून!

गेल्या महिन्यात डोकं फिरलं. सकाळी गाडी निघाली तसा आडवा उभा राहिलो.

"माझा माल खोटा हाय का? आज सांगा, न्हाई तर घाला गाडी अंगावर!"

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून फळी काढली आणि पेला माझ्या हातात दिला.

"बसा. धरा नीट."

गाव मागे पडल्यावर तो बोलू लागला. नजर रस्त्यावरच.

"कांताला ह्याच रस्त्यानं नांदेडला नेलं व्हतं. जीपमधी. पोटात कळा. जोरात घेतली की वरडायची. हळू घ्या हो, हादरे सोसंनात, म्हणायची. मंग हळू घेतली." गिअर बदलला. "डॉक्टर म्हणले, जरा आधी आणायचं व्हतं."

मिस्त्रीची बायको, कांतावहिनी, वारल्या हे मला माहीत होतं. मयतीला मीही गेलो होतो. बाकीचं माहीत नव्हतं.

"त्या जीपचे पाटे तुमच्याकडूनच नेले व्हते," तो म्हणाला. "तुमचा दोष न्हाई, शेठ. रस्ताच तसला व्हता. पर ते घ्यायला हातच उचलत न्हाई."

ते पाटे मला आठवले. भंगारातून निवडून, घासून, काळा रंग मारून मी ते 'नव्यासारखे' म्हणून दिले होते. हे त्याला ठाऊक होतं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

पुलाच्या तोंडाशी गाडी उचलली गेली. गार पाणी माझ्या मांडीवर आलं.

"सांडलं का?" त्याने समोर बघतच विचारलं.

"न्हाई."

दुकानात मी खूप खोटं बोललोय. तिथे जीभ कधी अडखळली नाही, इथे अडखळली.

गॅरेजसमोर उतरलो. मिस्त्रीने माझ्या ओल्या पँटकडे पाहिलं, पेला घेऊन नळाखाली पुन्हा काठोकाठ भरला आणि कट्ट्यावर ठेवला.

"जमवायलो, शेठ," एवढंच म्हणाला, आणि जॅक आणायला आत गेला.